विजरईची मुदत आणि पालकांची घाई

"मुलाचे इंग्रजी सुधारायचे असेल तर घरीही त्याच्याशी इंग्रजीतूनच बोलत जा." इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळांच्या पालकसभांत हे वाक्य आता इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यावर कोणी हरकत घेईल अशी अपेक्षाच कुणाला उरलेली नाही. पेडण्याची आई आणि डिचोलीचा बाप ते खाली मान घालून ऐकतात, घरी येतात, आणि त्या रात्रीपासून पहिलीतल्या पोराशी 'कम, सिट, ईट' एवढ्या तीन क्रियापदांत संसार मांडतात. आम्ही हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध लिहीत आहोत. शाळेविरुद्ध नव्हे. इंग्रजीविरुद्ध तर नव्हेच. आमचा चरितार्थ ज्या व्यवसायावर चालतो, त्यात उच्च न्यायालयाची पायरी चढली की इंग्रजीवाचून पान हलत नाही.

हा सल्ला गोमंतकाला नवा नाही. एकदा तो राजाज्ञा होऊन आलेला आहे. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की येथल्या रयतेने आपली देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, आणि त्यासाठी त्याने तीन वर्षांची मुदत दिली. तिसवाडी, बार्देस, साष्टी या जुन्या काबिजादींतल्या लोकांनी ही आज्ञा घराच्या उंबरठ्याबाहेर सोसली. चुलीपाशी आणि शेतात भाषा टिकली, म्हणूनच आजची कोकणी शिल्लक आहे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. ते त्यांच्याकडे गेले सुमारे शंभर वर्षांनी, १७८० च्या दशकात, सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून. त्यामुळे फर्मानाचा पहिला तडाखा या मुलखाला बसला नाही. येथे देवळांतले भजन चालू राहिले, कीर्तन चालू राहिले, दशावतार चालू राहिला, आणि पडवीत बसून धुळाक्षरे गिरवून घेणारा पंतोजीही राहिला. तेरेखोल नदीच्या दोन काठांवर राज्ये दोन झाली तरी अक्षर एकच राहिले. बांद्यात जन्मलेल्या संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आज पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आहे, ते या एकाच अक्षराच्या आधारावर.

जे विजरईला सैन्य, तुरुंग आणि धर्मपीठ हाताशी असून तीन वर्षांत जमले नाही, ते आज आमचे पालक स्वतः फी भरून, स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्याहून कमी मुदतीत करून दाखवीत आहेत. त्यांना कोणी फर्मान काढलेले नाही. पालकसभेत एक सूचना झाली, इतकेच.

या गोष्टीचा दोष केवळ पालकांवर टाकून मोकळे होण्याची चळवळीतल्या मंडळींना सवय आहे. ती आम्हाला मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सीमेपलीकडच्या वाचकांसाठी थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये, पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. पेडणे आणि डिचोली विलीनीकरणाच्या बाजूने उभे राहिले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा मिळाली. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर देशी भाषेत शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान, असे धोरण ठरले. २०११ साली दिगंबर कामत सरकारने ते मोडून इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि मराठीवाले व कोकणीवाले कित्येक वर्षांनी एका व्यासपीठावर बसलेले दिसले. २०१२ साली सरकार बदलले. अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान मात्र चालूच राहिले. पुढची फाटाफूट सर्वांना ठाऊक आहे.

हा सगळा लढा अनुदानाचा होता. तो लढणे योग्यच होते. पण इंटरनॅशनल शाळा अनुदान मागतच नाही. ती सरकारच्या तिजोरीकडे ढुंकूनही पाहत नाही. तिचे पोट पालकाच्या खिशावर चालते. अनुदान बंद करण्याचे जे एकमेव हत्यार आम्ही तीस वर्षे परजले, ते तिच्या अंगाला लागतच नाही. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ चालू झाला, त्याच्या आजूबाजूला जमिनीचे भाव, हॉटेले आणि वसाहती ज्या वेगाने वाढत आहेत, त्याच वेगाने या शाळाही वाढणार. त्यांच्या फाटकासमोर धरणे धरून काय होणार?

मग सक्ती करावी, असे कोणी म्हणेल. तेही दार बंद आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या भाषा माध्यम प्रकरणात निकाल दिला. बेळगावकडच्या वाचकांना हे प्रकरण ठाऊक असेलच, कारण कर्नाटक सरकारच्या १९९४ च्या धोरणातूनच ते उद्भवले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच देण्याची सक्ती राज्याला करता येत नाही, माध्यम निवडणे हा अनुच्छेद १९ मधल्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० क राज्याला मातृभाषेतल्या शिक्षणाची सोय करायला सांगतो. सक्तीचा अधिकार देत नाही. निकाल आम्हाला रुचला नाही. न्यायालयात रोज उभे राहणाऱ्याला न रुचणाऱ्या निकालांची सवय असते, आणि ते वाचण्याचीही असते. ह्या निकालात एक वाक्य असे आहे की ज्याकडे आमच्या मंडळींनी रागाच्या भरात पाहिलेच नाही: मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा अधिकार पालकाचा.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. सरकार ठरवणार नाही, शाळाही ठरवणार नाही. प्रवेश अर्जात 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. तो भरताना हात आखडून 'इंग्लिश' लिहिणारे पालक आम्हाला माहीत आहेत; का, तर मुलाला मागच्या बाकावर बसवतील अशी भीती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जो अधिकार केवळ त्यांच्या हाती ठेवला, तो त्या रकान्यात ते आपण होऊन सोडून देतात.

आता त्या मूळ वाक्याकडे वळू. घरी इंग्रजी बोलल्याने मुलाचे इंग्रजी सुधारते काय? ज्या घरात आई-बापांचे इंग्रजी सहज, समृद्ध आणि विनोद करण्याइतके अंगवळणी पडलेले आहे, त्या घराविषयी आम्ही बोलत नाही. पेडण्यातल्या बहुसंख्य घरांत ते तसे नाही. तेथे मुलाला मिळते ते आज्ञार्थी क्रियापदांचे इंग्रजी. सहा वर्षांचे मूल आपल्या बोलीत कारण विचारते, बहाणे करते, खोटे रचते, पावसाची आणि भुताची गोष्ट सांगते. त्याच्याशी घरची माणसे अचानक पन्नास शब्दांच्या भाषेत बोलू लागली, की त्याच्या विचाराचे अंगणच आक्रसते. इंग्रजी वाढत नाही, आणि जे होते ते सुकते.

"पण परदेशांत मुले परक्या भाषेत शिकून छान होतात की," असा प्रतिवाद नेहमी येतो. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कॅनडाचे. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावी १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांनी आग्रह धरून आपल्या बालवर्गातल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला लावले. मुलांचे फ्रेंच चांगले झाले आणि इंग्रजीही घसरले नाही. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी त्या मुलांचा अभ्यास केला. परंतु त्या मुलांच्या घरी कोणती भाषा होती? इंग्रजीच. कोणत्याही शिक्षकाने त्या आयांना "घरी फ्रेंच बोला" असे सांगितले नव्हते. बाहेर इंग्रजी, दूरचित्रवाणीवर इंग्रजी, आजीच्या तोंडी इंग्रजी. तिची पाळेमुळे घट्ट होती म्हणून तिच्या शेजारी दुसरे झाड लावता आले. लँबर्ट यांनीच पुढे दोन प्रकारचे द्विभाषिकत्व वेगळे करून दाखवले: एकात दुसरी भाषा पहिलीवर भर घालते, दुसऱ्यात ती पहिलीला वजा करते. आमच्या शाळा दाखला देतात पहिल्या प्रकारचा आणि घरी करायला सांगतात दुसरा.

कॅनडातलेच जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास मांडलेला विचारही पालकांना उपयोगाचा आहे. खेळाच्या मैदानावरची बोलण्यापुरती भाषा मुलाला दोनएक वर्षांत येते. पुस्तकातली, कारणमीमांसेची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागतात. पाहुण्यांसमोर मूल फडाफडा इंग्रजी बोलले की आई-बाप समजतात, झाले, आता भाषा आली. चौथी-पाचवीत विज्ञानाचे पुस्तक हाती पडते तेव्हा तेच मूल गप्प होते. मधल्या या वर्षांत त्याच्या डोक्यातल्या कल्पना कोणत्या भाषेत उभ्या राहणार? कमिन्स यांचे म्हणणे असे की एका भाषेत पक्की झालेली कल्पना दुसरीत नेता येते. मुळातच जी कल्पना कोणत्याही भाषेत पक्की झाली नाही, ती कुठेच नेता येत नाही.

हे आगरवाड्यात सहज दिसते. पेडणे तालुक्यातल्या या गावाचे नावच आगरावरून आले. तेथल्या मिठागरात खारे पाणी घेतात, ऊन ते आटवते, मीठ खाली उरते. शाळेत 'इव्हॅपोरेशन' हा शब्द येतो, फळ्यावर एक भांडे आणि वर जाणारे बाण काढले जातात, मूल व्याख्या पाठ करते. घरी बापाने त्याला रविवारी आगरावर न्यावे आणि आपल्याच बोलीत विचारावे, पाणी गेले कुठे? मीठ का नाही गेले? ढगाळ दिवशी मीठ का पडत नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाने दिली, त्याला इंग्रजी व्याख्या पाठ करावीच लागणार नाही. डिचोलीकडच्या मुलासाठी खाण आहे, कुळागर आहे, खाजन शेतातले पाणी रोखणारे आणि सोडणारे मानसीचे दार आहे. पंचवीस वर्षे खाणीच्या ट्रकवर काढलेल्या माणसाला खनिज, गाळ, उतार आणि पावसाचे पाणी यांविषयी जे माहीत असते, ते शाळेतल्या शिक्षिकेला बहुधा माहीत नसते. तो माणूस पालकसभेत मागच्या खुर्चीवर बसतो आणि आपण अडाणी असे समजतो, कारण त्याला ते सांगायची भाषा वर्ज्य केलेली आहे.

तेव्हा पालकाने काय करावे, याचे आमचे उत्तर अगदी साधे आहे. इंग्रजी शिकवणे हे शाळेचे काम. त्यासाठीच तिने फी घेतली आहे. पालकाने रोज अर्धा तास मुलाला विचारावे, आज काय शिकलास ते आजीला सांग. आजीला इंग्रजी येत नाही, म्हणजे मुलाला धड्याचे मराठी किंवा कोकणी करावे लागते. जे कळले ते त्याला सांगता येते, जे कळले नाही तेथे ते अडते आणि इंग्रजी शब्द तसाच पुढे ढकलते. ती अडण्याची जागा दिसली की पालकाला नेमके कळते की दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला काय विचारायचे. शिकवणीवर पैसे खर्चून हे कळत नाही. (शाळेतल्या शिक्षकाने स्वतः खाजगी शिकवणी घेणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने निषिद्ध आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

वाचनाची गोष्ट याहून सोपी आहे आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळांत मुले हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरीची बाराखडी शाळाच करून देते. मराठीपर्यंत पोचायला मग किती अंतर उरते? 'ळ' हे एक अक्षर. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक. 'चोर' मधला च आणि 'चंद्र' मधला च वेगळा, 'जग' मधला ज आणि 'जीवन' मधला ज वेगळा, हे कानाने ओळखणे. आणि ते कान तर पेडण्याच्या मुलाला जन्मतःच आहेत. चार-पाच रविवारांचे काम. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक आणि महाराष्ट्राची मराठी पाठ्यपुस्तके आंतरजालावर फुकट उतरवून घेता येतात. न्यू जर्सीत राहणारे मराठी आई-बाप रविवारी सकाळी मुलांना गाडीत घालून मराठी शाळेत नेतात. आमच्याकडे नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या दारावर, शिवाजी महाराजांनी १६६८ साली देऊळ पुन्हा उभारवले त्याचा देवनागरी शिलालेख आहे, आणि डिचोलीचे पोर त्याखालून जाताना वर पाहतही नाही.

आकड्यांविषयी आया तक्रार करतात, तीत तथ्य आहे. शाळेत 'फॉर्टी नाइन', दुकानात 'एकोणपन्नास', मूल गोंधळते. मराठी संख्यानामे कठीण आहेतच. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' असे वाचण्याचा पर्याय आणला आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला, तो त्यामुळेच. आमचे मत असे की बाजारात मुलाच्या हाती पैसे द्यावेत. मासळीवालीशी घासाघीस करताना जे आकडे कानावर पडतात ते कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर बसतात. नात्यांचे शब्दही तसेच. काका, मामा, आत्येचे यजमान, मावशीचे यजमान, शेजारचे दादा आणि रिक्षावाले या सर्वांचा एक 'अंकल' झाला, की मुलाच्या मनातून अर्धा गाव पुसला जातो. पेडण्यातल्या घरांत आईचे घर नि बापाचे घर कोणते हे मूल शब्दांवरूनच शिकते.

आता अवघड जागा. पेडणे-डिचोलीच्या घरात जे बोलले जाते ते मराठी की कोकणी, हा प्रश्न विचारला की सभा मोडतात. आम्ही मराठीचे कार्यकर्ते आहोत आणि तरीही म्हणतो की आजीच्या तोंडी कोकणी असेल तर मुलाशी कोकणीच बोलावे. ती सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या मालवणीची सख्खी बहीण. अरोंद्याच्या पुलावरून चालत गेले तर ती कुठे बदलते हे कोणाला दाखवता येणार नाही. घरात बोलणे तिच्यात आणि वाचणे-लिहिणे, भजन, कीर्तन, नाटक मराठीत, ही रीत या मुलखाने पिढ्यान् पिढ्या चालवली आणि तिने कोणाचे काही बिघडले नाही. मराठीच्या नावाने कोकणी बोलणाऱ्या मुलाला हटकणारा कार्यकर्ता आणि घरी इंग्रजी बोला म्हणणारी मुख्याध्यापिका, दोघेही त्या मुलाला एकच धडा देतात: तुझ्या तोंडातली भाषा चुकीची आहे. आमच्या काही सहकाऱ्यांना हे आवडणार नाही. मराठी आणि कोकणी यांनी पन्नास वर्षे एकमेकींचा पदर ओढला आणि त्या अवधीत प्राथमिक वर्ग तिसरीच्या हाती गेले, हे त्यांनाही दिसते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले. त्या पेढ्यांनी एकाही मुलाला 'ळ' काढता आला नाही.

परक्या भाषेचे मोठेपण आम्हाला कोणी शिकवू नये, ह्यासाठी एक नाव पुरेसे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले गृहस्थ १५७९ साली गोव्यात आले, येथली भाषा शिकले आणि त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले, देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. अस्सल इंग्रज माणसाला गोमंतकात येऊन मराठी शिकावीशी वाटली. 'इंटरनॅशनल' या शब्दाचा खरा अर्थ त्यांच्या आयुष्याइतका कशात दिसतो?

त्या शब्दाचा कायदेशीर अर्थ मात्र शून्य आहे. भारतातल्या कोणत्याही शिक्षणविषयक कायद्यात 'इंटरनॅशनल स्कूल' याची व्याख्या नाही. केंद्रीय मंडळाचा किंवा राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणारी शाळाही तो फलक लावू शकते, लावतेही. जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेचा किंवा केंब्रिजचा अभ्यासक्रम जी शाळा चालवते, तिच्यापुरता त्या शब्दाला काही आधार आहे. आणि गंमत अशी की ही बॅकलॉरिएट संस्था आपल्या शाळांकडून लेखी भाषाधोरण मागते आणि मुलाच्या मातृभाषेला आधार द्या असे सांगते. म्हणजे खरोखर आंतरराष्ट्रीय असलेली संस्था मातृभाषा सांभाळा म्हणते, आणि नुसता फलक लावणारी ती घरातून काढून टाका म्हणते. पालकाने प्रवेशापूर्वीच विचारावे: अभ्यासक्रम कोणाचा? भाषाधोरण लेखी आहे का? असल्यास दाखवा.

कायद्याने पालकाला याहून अधिक दिले आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १३ सांगते की प्रवेशासाठी मुलाची किंवा आई-बापांची चाळणी लावता येणार नाही. आईला इंग्रजी येत नाही म्हणून 'इंटरॅक्शन'मध्ये पहिलीचा प्रवेश नाकारणे हा या कलमाचा भंग आहे. पहिल्या भंगाला २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक भंगाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरवते. वर्गात मराठी वा कोकणी शब्द तोंडून निघाला म्हणून मुलाकडून दंडाचे नाणे घेणे, गळ्यात पाटी अडकवणे, सर्वांसमोर उभे करणे हे त्यात बसते असे आमचे स्पष्ट मत आहे. कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालकाला न कळणाऱ्या भाषेत सांगितलेली प्रगती ही सांगितलीच नाही असे धरावे. कलम २९ माध्यम 'शक्यतोवर' मातृभाषेचे असावे म्हणते. शक्यतोवर या शब्दात पळवाट आहे हे आम्ही नाकारत नाही. एक सावधगिरी: त्याच ६ मे २०१४ रोजी त्याच घटनापीठाने प्रमती प्रकरणात अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले. म्हणून शाळा अल्पसंख्याक संस्थेची आहे काय, हे आधी पाहावे.

सीमेपलीकडच्या वाचकांना, विशेषतः बांदा, सातार्डा, दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला येणाऱ्यांना, एक फरक सांगायला हवा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत, इंटरनॅशनल धरून, मराठी विषय सक्तीचा झाला. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून मुलाचे नाव गोव्यातल्या शाळेत घातले की हे संरक्षण नाक्यावरच राहते. नोकरी इकडे आहे म्हणून शाळाही इकडेच, असा निर्णय घेणाऱ्या कुटुंबांनी हे तोलावे. आणि अलीकडे राहून ज्यांनी कायद्याच्या भरवशावर सोडून दिले आहे, त्यांनी मुलाची मराठीची वही एकदा उघडून पाहावी. विषय वेळापत्रकात असणे आणि शिकवला जाणे यांत किती अंतर असते ते तेथे दिसेल.

१९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली ती घराघरांतून गोळा केलेल्या मूठमूठ तांदळांवर. परकी सत्ता होती, पालकांकडे पैसा नव्हता, तरी शाळेत आपले काही म्हणणे आहे असे त्यांना वाटत होते. आजचा पालक मुठीऐवजी लाखाच्या घरात फी मोजतो आणि शाळेला एक प्रश्न विचारताना कचरतो.

ज्यांच्या मुलांना भाषेवरून शिक्षा झाली किंवा ज्यांचा प्रवेश आई-बापांच्या इंग्रजीवरून अडला, त्यांनी आधी शाळेला लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे कायदा सांगतो, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील आहे. तक्रार इंग्रजीत लिहून देणारा शोधत बसण्याचे कारण नाही. संविधानाचा अनुच्छेद ३५० प्रत्येक माणसाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतो. अर्ज मराठीतच लिहावा, खाली सही देवनागरीत करावी, आणि त्याची एक प्रत शाळेला पाठवावी.